दुसऱ्यासाठी घेतलेली चव

परवा आमच्या स्वयंपाकाच्या लाडकीबाईंना त्यांच्या गावी, वेवजीला सोडायला गेले होते. परतताना अच्छाडच्या नाक्याच्या अलीकडे हायवेच्या कडेला मडकी उपडी घालून भोवती जाळ केलेला दिसला. उंबाडियूचा हंगाम सुरू झाला. वालपापडी, रताळी, कोनफळ, बटाटे ओवा लावून मडक्यात भरायचे, वर रानपाला दाबायचा आणि मडकं तसंच आगीत ठेवायचं. हे खाणं मूळचं सीमेपलीकडचं, गुजरातचं, पण तलासरीपासून डहाणूपर्यंत आता ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. ट्रकवाले थांबून खातात, सुरतेच्या गाड्या थांबून खातात. गाडीची काच खाली होती. ओव्याचा आणि जळक्या पाल्याचा वास आत आला आणि माझ्या जिभेच्या कडा एकदम आवळल्या. तोंडात तुरट पाणी सुटलं. मी काही खाल्लं नव्हतं, प्यायलं तर नव्हतंच. पण त्या वासाबरोबर कोणती वाइन जाते ते जिभेला आठवलं होतं.

मी वाइन पीत नाही. आधीही कधी आवडीने प्यायले नाही. एका हिवाळ्यात मात्र दीड महिना मी रोज तांबडी वाइन चाखली. तो हिवाळा गेला, मी त्यातून बाहेर आले, असं मला वाटत असतं. मग असा एखादा धूर येतो.

आमची डहाणूबाहेर चिकूची वाडी आहे. वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात. शनिवार-रविवार वापी-सुरतेकडची माणसं येतात. तिकडे दारूबंदी, त्यामुळे खोलीत पिशव्या ठेवायच्या आधीच पुष्कळांच्या हातात बाटली असते, आणि तिच्याबरोबर काय खायचं हे ते मला विचारतात. मी सांगते. तांबडी आणि भरदार असेल तर मटण, भाजलेलं वांगं, उंबाडियू. सुकी मासळी नको, चिकू तर अजिबात नको. हे मी इतक्या कोरड्या आवाजात सांगते की एका बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे कोर्स केला होता का. मी हो म्हटलं. काय सांगत बसणार.

नाना म्हणजे माझे यजमान. गावात सगळे नाना म्हणतात, हळूहळू मीही म्हणायला लागले. सत्तावीस वर्षं ते नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात तळघरात काम करत होते. त्यांचं काम मिश्रणाचं. वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांची वाइन वेगवेगळ्या पिंपांत मुरते, आणि बाटलीत भरण्याआधी कुणीतरी ठरवायचं असतं की कोणती किती घालायची. शिराझ एकटी फार गोडबोली, कॅबर्ने एकटी खाष्ट, असं नाना म्हणत. दोघी एकत्र नांदाव्यात म्हणून टेम्प्रानिलो नावाची तिसरी थोडीशी घालायची. ती किती थोडीशी, हे सांगणारी जीभ नानांची. निवृत्त होऊन आम्ही वाडीवर आलो तरी कारखान्याचे मालक दर मार्गशीर्षात तीन बाटल्या पाठवत. नाना आठ-दहा दिवस जेवणाच्या टेबलावर मोजनळी घेऊन बसत आणि प्रमाण कळवत. पुढच्या वर्षी त्याच प्रमाणाची वाइन दुकानात दिसे. बाटलीवर नानांचं नाव कुठेच नसे, पण त्यांना ते वाचता येई.

त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला त्यांच्या घशात गाठ निघाली. श्रावणापासून पितृपक्षापर्यंत मुंबईला किरणांचे शेक झाले. गाठ गेली. तिच्याबरोबर लाळ गेली, चौदा किलो वजन गेलं आणि चव गेली. डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू येईल, किती येईल ते सांगता येत नाही. दिवाळीत नाना आल्यागेल्याला सांगू लागले की आली बरं का चव. मीही तेच सांगू लागले. दर दोन तासांनी पेज, मऊ भात, गाळलेलं वरण, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग औषधं, शिवाय पाहुण्यांचा स्वयंपाक. चव आली म्हणतायत तर आली, एक काम कमी झालं, एवढाच विचार करण्याइतकी ताकद माझ्यात उरली होती.

मार्गशीर्षात बाटल्या आल्या. मी म्हटलं, यंदा नाही म्हणून कळवा. नव्या द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला, पिंपं रिकामी व्हायला हवीत, असं काहीतरी सांगून ते टेबलाशी बसले. गिळायचं नाही, तोंडात फिरवून थुंकायचं, ही डॉक्टरांची अट मी तीन वेळा ऐकवली. ते थेंबभर घेत, डोळे मिटत आणि बोलत. मिरी आहे, जांभूळ आहे, मागे जरा लाकूड. शब्द पूर्वीसारखेच भरभर येत होते. स्वयंपाकघरातून ते ऐकताना मला बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी टेबल पुसताना मी ग्लास उचलले आणि परत ठेवताना त्यांची अदलाबदल झाली. पुढ्यातल्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या तिथेच राहिल्या. नाना हात धुऊन आले. कॅबर्नेच्या चिठ्ठीमागचा ग्लास उचलला. त्याच्या बुडाचा टवका उडालेला होता. तो शिराझचा ग्लास होता, सकाळी मीच भरला होता. त्यांनी चूळ फिरवली, थुंकली आणि म्हणाले की यंदाची कॅबर्ने अंमळ कडकच आहे.

मी आत निघून गेले. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मी बघत उभी राहिले.

संध्याकाळी त्यांना पेज देताना मी ग्लासांचं सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "सगळं पाण्यासारखं लागतं. पाणीसुद्धा पाण्यासारखं लागत नाही."

मालकांना खरं का सांगत नाही, असं मी विचारलं. पाच महिने मी या माणसाला हसत हसत गुळण्या करताना पाहिलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला.

"आयुष्यभर लोकांनी माझं एवढंच ऐकलं, शैला. बाकी कशात मला कोण विचारतं?"

आणि मग विचारलं, तू चाखशील का माझ्यासाठी?

अशा वेळी बायको नाही म्हणू शकते का, हे मला अजून कळलेलं नाही. मी तरी नाही म्हणाले नाही.

पहिले दोन दिवस मला काही सांगताच येईना. आंबट आहे, तुरट आहे, यापलीकडे माझ्याकडे शब्द नव्हते. नानांचे शब्द उसने घेऊन पाहिले, तर त्यांनी लगेच पकडलं. म्हणाले, तळघरातलं बोलू नकोस, चुलीवरचं बोल. काय खाल्ल्यासारखं वाटलं ते सांग, आणि काय खाताना बरं वाटलं ते सांग. तिथून आमचा खरा उद्योग सुरू झाला. सकाळी दहाला आणि दुपारी चारला मी टेबलाशी बसायची. पुढ्यात दोन ग्लास आणि काहीतरी खाणं.

लाडकीबाई तेव्हाही आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. वेवजीहून सोमवारी यायच्या, शनिवारी परत जायच्या. घरी भातशेती, हंगाम संपला की मजुरी, आणि हाताला अशी चव की पाहुणे त्यांच्यासाठी पुन्हा येत. त्यांना आधी हा काय खेळ चाललाय ते कळेना. एकदा मी कॅबर्ने पुढे केली तेव्हा त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली आणि लगेच म्हणाल्या, "ही तर जांभळाची साल." पोट बिघडलं की त्यांच्या पाड्यावर जांभळाच्या सालीचा काढा देतात. नाना टाळी वाजवायचेच तेवढे बाकी होते. त्यांनी वहीत लिहिलं, कॅबर्ने, जांभळाची साल, आणि मालकांना कळवताना त्याचं त्यांच्या भाषेत काय होईल ते शेजारी लिहिलं.

वाढवणची एक मासळीवाली दर बुधवारी सुके बोंबील घेऊन यायची. त्या वर्षी तिच्या तोंडी त्यांच्या गावाशी होऊ घातलेल्या बंदराशिवाय दुसरा विषय नसे. ती बंदराचं बोलत असताना लाडकीबाईंनी निखाऱ्यावर बोंबील भाजले आणि मी त्यावर एक घोट घेतला. तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं झालं. थुंकले, चूळ भरली, तरी तासभर गेलं नाही. नाना खूश. कशी गंजकी, आधी की नंतर, जिभेवर की हिरड्यांवर, असं विचारत राहिले. चिकू खाऊन घोट घेतला तर वाइन शिळ्या ताकासारखी आंबूस झाली. हिरव्या मिरचीच्या ठेच्यावर घेतला तर घसा पेटला. तिळाचं कूट घालून केलेल्या भाजलेल्या वांग्यावर मात्र ती अचानक मऊ झाली, शहाण्या पाहुणीसारखी. उंबाडियूतल्या कोनफळाबरोबर शिराझ अशी काही मिसळली की मी न थुंकता गिळून टाकली आणि नानांनी ते पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. वहीत एक रेघ ओढली.

आता हे सांगताना वाटतं की गंमतच होती. काही दिवस होतीही. नानांच्या डोळ्यांत जीव आला होता. पेज न कुरकुरता संपवायचे, कारण पेज संपली की दहा वाजायचे.

पण त्या डोळ्यांसमोर चाखायचं होतं. मी घोट घेतला की त्यांची नजर माझ्या ओठांवर, मग गालावर, मग गळ्यावर. माझ्या तोंडात काय चाललंय ते बाहेरून दिसेल असं बघत राहायचे. नवऱ्याने आपल्याकडे इतकं निरखून बघावं असं तरुणपणी वाटलं असेल, आता मला ते सोसवेना. दात जांभळे झाले होते. हिरड्या ठणकायच्या. आणि हळूहळू असं झालं की कढीचा भुरका मारला तरी डोक्यात आधी वाक्य तयार व्हायचं, नानांना सांगायचं वाक्य, आणि कढी मागे राहायची. आजारी माणसाचं अंग पुसणं, औषध देणं याला शेवट असतो. हात धुतले की झालं. हे काम माझ्या तोंडातच होतं, ते कुठे ठेवणार.

संक्रांतीपर्यंत दोन मिश्रणं उरली. शिराझ आणि कॅबर्ने दोन्हींत जवळपास तेवढ्याच, टेम्प्रानिलो एकात किंचित जास्त. फरक इतका बारीक की नानांनी ती मला आठ दिवस आलटून पालटून दिली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चारही खोल्या भरलेल्या. लाडकीबाई भाचीच्या लग्नाला गेलेल्या. मी पहाटे पाचपासून उभी. चार वाजले, मी टेबलाशी बसले, मटणाचा तुकडा खाल्ला, पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. दोन्ही सारखे. पुन्हा घेतले. सारखेच. नाना वही उघडून बसले होते. त्यांची पेन्सिल टोकदार केलेली होती, एवढं मला दिसलं, आणि त्या पेन्सिलीचा मला राग आला.

मी म्हटलं, दुसरं.

का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मटण गिळल्यावरही मागे राहतं. हे वाक्य मी आधी कधीतरी दुसऱ्याच मिश्रणाबद्दल बोलले होते. त्यांनी लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी फोनवरून प्रमाण कळवलं. मग इस्त्रीचा शर्ट घातला, आजारानंतर पहिल्यांदा, आणि किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन आले.

चार दिवस मी गप्प राहिले. काय बिघडलं, दोन्हींत फरकच नव्हता, असं स्वतःला सांगितलं. पण त्या प्रमाणाने आता हजारो बाटल्या भरणार होत्या आणि नाना दिवसातून दोनदा वही उघडून ते शेवटचं वाक्य वाचत होते. पाचव्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील जबडे अडकवून टांगलेले होते, त्यांच्या सावलीत बसलो आणि मी सांगून टाकलं. चव कळली नव्हती. दमले होते. संपवायचं होतं.

मला वाटलं रागावतील. त्यांनी सावकाश सांगितलं की तळघरातही शेवटी असंच व्हायचं. पंधरा दिवस चाखून जीभ मेलेली असायची, वर मालक उभे असायचे, आणि नाना कुठल्यातरी एका ग्लासावर बोट ठेवायचे. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. चार दिवस मी आतून कुरतडले जात होते, आणि या माणसाला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. मी उठून चालायला लागले. मागून ते म्हणाले, "पण तेव्हाचं दमणं माझं होतं. तुझं दमणं माझ्या नावावर नको जायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मालकांना फोन केला. मी दाराशी उभी होते. पावसापासून चव नाही, बायकोने चाखलं, शेवटचा निर्णय दमून झाला, बाटल्या भरू नका. एवढं चार वाक्यांत सांगितलं. मग दोनदा हो म्हणाले, एकदा समजू शकतो म्हणाले आणि फोन ठेवला. वही कपाटात टाकली. पुढचे दोन आठवडे ते पेजेसाठी हाक मारल्याशिवाय उठत नसत. मला वाटायचं, मी गप्प बसले असते तर हा माणूस अजून इस्त्रीचा शर्ट घालत असता.

मग एका दुपारी मानसी आली. कारखान्याच्या तळघरात काम करणारी, तिशीतली मुलगी. मिश्रणाचं काम मालकांनी आता तिला दिलं होतं. नानांना हे फोनवर कळलेलं होतं, त्यांनी मला सांगितलं नव्हतं. ती मालकांना न विचारता, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आली होती. पिशवीत दोन बाटल्या. एक आमच्या प्रमाणाची, एक तिच्या. नाना म्हणाले, मला आता विचारून उपयोग नाही. ती म्हणाली, माहीत आहे, मी काकूंना विचारायला आले.

मला हसू आलं आणि रडूही. लाडकीबाईंनी मटण केलं होतं, पाहुण्यांसाठी. त्यातलं बाजूला काढलं. मी दोन्ही चाखल्या. या वेळी घाई नव्हती, नानांची वहीही समोर नव्हती. फरक इतका उघड होता की मला क्षणभर वाटलं माझी चूक होतेय. पुन्हा चाखलं. नाना माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायची सोय होती. मानसीला कळलं नसतं, नानांना तर नाहीच.

मी म्हटलं, मानसीची चांगली आहे.

कशी, असं नानांनीच विचारलं. मी सांगितलं की आपली तोंडात येते तेव्हा सगळं एकदम सांगून टाकते आणि मटण संपायच्या आत गप्प होते. हिची आधी काही बोलत नाही. मटणाबरोबर हळूहळू उघडते आणि शेवटी जेवणच चांगलं झालं असं वाटतं, वाइनची आठवणही येत नाही. नानांनी मान हलवली. मग मानसीकडे वळून तिला विचारत राहिले. कोणत्या पिंपातली शिराझ घेतली, किती दिवस हवा लागू दिली, टेम्प्रानिलो कमी केली का. ती सांगत होती, लिहीतही होती, आणि मधूनच नाना तिला थांबवून काहीतरी सांगत. त्या दोघांच्या बोलण्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. मी उठून भांडी घासायला गेले. वाइन समोर असूनही त्या टेबलावर पहिल्यांदाच माझी गरज नव्हती.

मानसीच्या प्रमाणाने बाटल्या भरल्या. त्या विकल्या गेल्या, लोकांना आवडल्या म्हणे. नानांची चव थोडी आली. आंबट कळतं, खारट अर्धं कळतं, गोड अजून नाही. गोड चिकूच्या वाडीत बसून त्यांना चिकूची चव लागत नाही, याचं त्यांना आता फारसं वाटत नाही, मलाच वाटतं. मालकांकडून बाटल्या येत नाहीत. मार्गशीर्ष येतो आणि जातो. नाना झाडांना पाणी घालतात, पाहुण्यांशी गप्पा मारतात, दर तीन महिन्यांनी तपासणीला जाऊन येतात.

या आठवड्यात मानसीचा फोन आला होता. दोन मिश्रणांवर अडली आहे. दोन दिवसांसाठी नाशिकला या, गाडी पाठवते, मालकांनाही चालेल, असं म्हणाली. शेजारी बसून नाना ऐकत होते. त्यांनी हातानेच मला खूण केली, जा. त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना उत्साह होता. मी मानसीला म्हटलं, नाही गं, मला नाही जमायचं. तिने पुन्हा आग्रह केला. मी पुन्हा नाही म्हटलं. कारण दिलं नाही. नानांनी थोडं थांबून विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, वाटतंय.

मग मी चहा ठेवला. दोघांचा नाही, माझ्यापुरता. मागच्या पायरीवर बसून तो गरम गरम प्यायले. कसा झाला होता, ते मी कुणाला सांगितलं नाही.